जुन्या पायथनची शेवटची तारीख

विश्वंभरकाका स्वतःच्या वाडीतला नारळसुद्धा कानाशी हलवून मगच घरात घेत. दिवेआगरच्या सुपारी संघाचे अध्यक्ष झाल्यावर तर त्यांच्या संशयाला खुर्चीच मिळाली.

संघाच्या काट्याला जोडलेला वजनाचा प्रोग्राम शेजारच्या आश्लेषाने लिहिलेला. किनाऱ्यावरचे इतर संघही तोच वापरत. एक दिवस तिचा निरोप आला. पायथन या संगणकाच्या भाषेची जुनी आवृत्ती ती बनवणाऱ्यांनीच सोडून दिली होती; दिवाळीनंतर आश्लेषाही जुन्या आवृत्तीवरचा प्रोग्राम दुरुस्त करणार नव्हती. संघाच्या संगणकावर नवी आवृत्ती चढत नव्हती. ऐन हंगामात प्रोग्राम अडला, तर सुपारी पुन्हा दलालाच्या काट्यावर जाणार, ही काकांची धास्ती.

त्यात आश्लेषाच्या मामेभावाचं, विहंगचं, बोर्लीला संगणकाचं दुकान. काका तडक तिच्या ओटीवर गेले.

"विहंगचे किती संगणक खपवायचेत, अगो?"

"एकही नाही, काका. जुन्यावर आता कोणी उरलंच नाही. प्रत्येक दुरुस्ती दोन्हीकडे तपासायची, ती कोणासाठी?"

"मग आम्ही तिथे काय माशा मारतो?"

"प्रोग्राम सुरू झाला की आपली आवृत्ती मला नेटवरून कळवतो. जुन्याकडून वर्षभर काहीच आलं नाही, म्हणून तारीख ठरवली." ती थबकली. "तुमचं नेट चालू आहे ना?"

"वायर मीच काढून ठेवलीय, गेल्या वर्षीच्या वादळापासून. तारेतून वीज आत येते नि आपली वजनं बाहेर जातात."

आश्लेषा हसली नाही. तिने सगळ्या संघांना फोन लावले. आगरदांड्याकडच्या दोन संघांनीही वायर काढलेली निघाली. तिने तारीख होळीपर्यंत पुढे नेली. "हंगाम निभेल. त्यानंतर मात्र नाही. आणि संगणक हवा तर महाडहून आणा."

काका महाडला भाव काढून आले, मग बोर्लीला. विहंगचा भाव कमी निघाला. कमी का, या काळजीत दोन दिवस गेले. शेवटी त्याच्याकडूनच घेतला, पण काट्यावरच्या सदाला बजावलं, "प्रत्येक पोतं आधी जुन्यावर, मग नव्यावर."

"काका, माझी कंबर जाईल."

"जाऊ दे."

होळीपर्यंत सदाने प्रत्येक पोतं दोनदा चढवलं. एकाही वजनात फरक पडला नाही.

"आता पटलं ना?" सदाने विचारलं.

काका दोन्ही पडद्यांकडे बघत राहिले. "दोघं सामील असतील," ते म्हणाले, आणि जुन्याचं बटण बंद केलं.