तापलेलं मशीन

माझं शेवटचं पोस्टिंग कोलकात्याला झालं. सॅपर कंपनीत मी नायब सुभेदार होतो. मुक्काम फोर्ट विल्यमच्या आवारात. सकाळी पीटी, मग स्टोअर, मग मशीन मेंटेनन्स. सॅपर म्हणजे पूल बांधणारे आणि सुरुंग काढणारे, एवढंच लोकांना ठाऊक असतं. पडलेली झाडंही आम्हीच कापतो, हे शहराला वादळ येऊन गेल्यावर कळतं.

आता मी सॉल्ट लेकमध्ये मुलीकडे राहतो. बायको गेल्यावर गावात कुणासाठी थांबायचं, म्हणून आलो. मुलगी आणि जावई सेक्टर फाइव्हला कामाला जातात, नातू शाळेत जातो, दिवसभर घरात मी एकटा. नातवाशी मराठीत बोललो तर तो हिंदीत उत्तर देतो. कधी कधी संध्याकाळपर्यंत तोंडातून मराठी शब्द निघत नाही. एकटं वाटतं, ते लपवून काय उपयोग.

गेल्या महिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी घोषबाबू आले. कालबैशाखीच्या वादळात आवारातलं एक झाड पार्किंगवर पडलं होतं, म्हणून कमिटीने चेनसॉ घ्यायचं ठरवलं होतं. कुठली सगळ्यात सहज सुरू होते, असं त्यांनी विचारलं. फौजी माणसाला विचारलं म्हणजे काम पक्कं, असा त्यांचा हिशोब.

मी त्यांना सांगितलं की बॅटरीची चेनसॉ बटण दाबलं की सुरू होते, अगदी पंख्यासारखी. पण मोठं वादळ आलं की आधी वीज जाते. मग बॅटरी उतरली की ती मांडीवर घेऊन बसायचं. पेट्रोलची घ्या, पण काम झालं की टाकी रिकामी करून ठेवा. पेट्रोल महिनोन्‌महिने आत राहिलं की कार्बोरेटरमध्ये चिकटा धरतो आणि मग कितीही महागाची असो, नाव मोठं लक्षण खोटं. चोक ओढून दोरी खेचा, एकदा खोकली की चोक आत ढकला, नाहीतर प्लग भिजेल. हे सगळं त्यांनी मान डोलावत ऐकलं.

शेवटी म्हटलं, दुकानात लाकूड कापून मशीन चांगलं तापवा, बंद करा, एक चहा प्या आणि मग दोरी खेचा. थंड मशीन कुणीही सुरू करून दाखवतो. घोषबाबू हसले. दुकानदार हे करू देणार नाही म्हणाले. करू देत नसेल तर घेऊ नका, असं मी सांगितलं. का, ते सांगितलं नाही.

आमच्या कंपनीतला हवालदार बाबूराव शेळके माझ्याच तालुक्यातला, माणदेशातला. भरतीही आमची एकाच दिवशीची. जवानांसमोर तो मला साहेब म्हणायचा, दोघंच असलो की भाऊ. दसऱ्याला शस्त्रपूजेत रायफलींशेजारी तो चेनसॉही मांडायचा आणि तिला झेंडूचा हार घालायचा. बंगाली क्लार्क चेष्टा करायचा. शेळके म्हणायचा, "गोळी वर्षातनं एकदा रेंजवर सुटती. पोट हिच्यावर चालतंय आपलं."

शिकवण्यात मात्र तो कडक. झाड कापताना त्याचा नियम एकच होता. एक काप झाला की मशीन बंद करायचं, कानावरचे मफ काढायचे आणि झाडाचं ऐकायचं. पडलेलं झाड मेलेलं नसतं, ते कुठेतरी दबून, ताणून बसलेलं असतं. हलण्याआधी आतून करकरतं. कित्येक पोरांना त्याने या नियमासाठी ग्राउंडला पळवलं होतं.

मी तिथे असतानाच शहरावर मोठं चक्रीवादळ येऊन गेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दक्षिण कोलकात्यात होतो. रस्तोरस्ती झाडं आडवी. सकाळपासून कापत होतो. दुपारी एका गल्लीच्या तोंडाशी बोलावणं आलं. जुना शिरीष मुळासकट उपटून एका घराच्या भिंतीवर टेकला होता आणि दार बुंध्याने बंद केलं होतं. आत एक म्हातारी होती. तिचं डायलिसिस आदल्या दिवशीच व्हायचं होतं. तिला श्वास घेता येत नव्हता. मुलगा वरच्या खिडकीतून हात जोडत होता.

आमच्याकडची चांगली चेनसॉ दुसऱ्या सेक्शनबरोबर पुढच्या रस्त्यावर होती. बॅटरीवाली सकाळीच उतरली होती. उरली ती जुनी. थंड असताना दोन खेचीत सुरू व्हायची, पण एकदा तापली आणि बंद केली की अर्धा तास दाद द्यायची नाही. सगळ्या कंपनीला हे माहीत होतं. नव्या मशीनची मागणी गेलेली होती.

रेडिओवर मेजर साहेब आले.

"कितना टाइम? ओव्हर."

"बीस मिनट, सर. ओव्हर."

"ॲम्ब्युलन्स खड़ी है. जल्दी. आउट."

शेळकेने दोरी खेचली. पहिली फांदी तोडली, दुसरी तोडली. मशीन बंद केलं नाही. मी हाताने बंद कर अशी खूण केली. त्याने मान हलवली आणि मशीनकडे बोट दाखवलं. त्याचं म्हणणं मला कळलं. बंद केलं तर परत सुरू होणार नाही, आणि आत म्हातारीकडे अर्धा तास नव्हता.

चालू मशीनवर माणसाला काही ऐकू येत नाही, म्हणून मागे एक जवान उभा असतो. धोका दिसला की तो खांद्यावर थाप मारतो. दारापाशी माणूस वाकून जाईल एवढी वाट झाल्यावर शेळकेने त्याच जवानाला आत पाठवलं, कारण स्ट्रेचर उचलायला माणूस कमी पडत होता. त्याची जागा घ्यायला मी निघालो.

मधल्या फांद्या ओलांडून मी पोचण्याआधीच स्ट्रेचर दाराबाहेर आलं. ते मागून नेताना फांद्यांत अडकू नये म्हणून शेळके शेवटचा काप घेत होता. तेव्हा मला करकर ऐकू आली. मी ओरडलो, शिटी मारली, धावलो. बुंधा भिंतीवरून घसरला आणि फिरला. शेळकेने वर पाहिलंच नाही.

मशीन त्याच्या हातातून सुटून बाजूला पडलं होतं आणि चालूच होतं. ते मी बंद केलं. मग गल्लीत इतकी शांतता झाली की ॲम्ब्युलन्सचं दार लागल्याचा आवाज आला. ती शांतता अजून माझ्यासोबत आहे. दुपारी घर रिकामं असलं की फार जाणवते.

पार्थिव घेऊन गावी मीच गेलो. सलामी झाली, तिरंगा घडी करून वहिनींच्या हातात दिला. तेराव्याला पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी मला ओसरीवर बसवलं.

"भावजी, शेवटाला काय बोलले का ते?"

"मशीन चालू होतं, वहिनी. ऐकू आलं नाही."

सुट्टीवर आला की शेळके गावातल्या पोरांनाही बाभळी कापायला शिकवायचा, त्यामुळे नियम वहिनींनाही पाठ होता.

"दुसऱ्यास्नी बंद कर म्हणायचे. सोता का न्हाई केलं?"

"केलं असतं तर परत सुरू झालं नसतं. घरात एक म्हातारी अडकली होती."

"निघाली का ती?"

"निघाली. वाचली."

वहिनींनी पदराने डोळे पुसले.

"मग त्यास्नी कळलं असंल का, ती निघाली म्हणून?"

स्ट्रेचर त्याच्या पाठीमागून गेलं होतं. कानावर मफ होते, नजर कापावर होती. मी फौजेत उभी हयात खरा रिपोर्ट दिला. त्या दिवशी म्हणालो, "हो वहिनी. कळलं होतं."