भातखाचरातलं इंग्रजी

उत्रोलीत भाताची लावणी चालली होती आणि माझ्या डोक्यात इंग्रजी. पुण्याच्या एका कंपनीत मुलाखत होती. आधी दोन ठिकाणांहून इंग्रजी कच्चं म्हणून हात हलवत परत आलेली. वडिलांनी बजावलं होतं, "ह्या बारीला जमलं तर ठीक, न्हाईतर त्या पाव्हण्यांना व्हय म्हणून सांगतो." पाव्हणे म्हणजे मला बघून गेलेलं सारोळ्याचं स्थळ. मला ते लग्न नको होतं.

भारी शब्द वापरले की छाप पडते, असं मोबाईलवर कुणीतरी सांगत होतं. मग काय, लागले भारी शब्दांच्या मागे. सकाळी शब्द बघायचे आणि दिवसभर खाचरात वाकून पाठ करायचे. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हातानं काड्या चिखलात खोचायच्या आणि एक पाऊल मागं सरायचं. दर खोचणीला एक शब्द. मेटिक्युलस, बारकाईनं काम करणारा. रेझिलियंट, पडून पुन्हा उठणारा.

शेजारची काकू म्हणाली, "काय पुटपुटतीस गं? भाताला मंतर घालतीस का?"

"घालू द्या," आई म्हणाली. "लागू पडला तर पोरीचं भलं हुईल."

मुलाखतीला खुर्चीवर बसले आणि डोकं रिकामं. टेबलाखाली बोटं आपोआप चिखलात काड्या खोचल्यासारखी हलायला लागली, तेव्हा कुठं शब्द वर आले. पण सुटे सुटे. समोरच्या बाईंनी अगदी साध्या इंग्रजीत विचारलं, "तुम्हाला ही नोकरी का हवी आहे?"

"मॅडम, रेझिलियंट," मी म्हणाले.

त्या वाट बघत राहिल्या.

"मेटिक्युलस."

पुढं नुसतं रडू आलं. मला लग्न करायचं नाही, मला कमवायचंय, एवढं साधं इंग्रजी मी कधी पाठच केलं नव्हतं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला आणि पुढच्या मुलीला आत बोलावलं.

भोरच्या स्टँडवर वडील थांबले होते.

"काय इचारलं गं?"

"नोकरी कशाला पायजे म्हणून."

"एवढंच? ते तर तुला येतच हुतं की. रोज त्याच्यावरनंच भांडत हुतीस माज्याशी."

"इंग्रजीत न्हाई आलं," मी म्हणाले. त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि सारोळ्याला फोन लावला.