तांब्याच्या कळशीतलं पाणी

डॉक्टरांवर माझा राग आहे आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

आमच्या गल्लीतला आरिफ फ्रीज दुरुस्त करतो. माझं झेरॉक्सचं दुकान त्याच्या शेजारी. घरी त्याने चार फुटी काचेच्या टाकीत, मोजूनमापून मीठ घातलेल्या पाण्यात एक पोवळं वाढवलं होतं. हिरवंगार, वळ्यावळ्यांचं, थेट माणसाच्या मेंदूसारखं. दिसायला दगड, पण जिवंत प्राणी. "भेजा फ्राय कधी करायचा?" म्हणून आम्ही त्याला पिडायचो. तो हसायचा आणि चिमट्याने पोवळ्याला कोळंबीचा तुकडा भरवायचा. चार वर्षांत ते लिंबाएवढ्याचं बशीएवढं झालं.

मुलांचे डॉक्टर पृथ्वीराज यांनी ते पाहिलं आणि हट्टच धरला. दवाखान्यात टाकी बसव, त्यात हेच पोवळं पाहिजे. त्यांनी आरिफच्या लेकीला, सदफला तापातून बरं केलेलं, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. दर रविवारी जाऊन तो टाकी साफ करायचा. रोज आटणारं पाणी भरायचं काम झाडलोट करणाऱ्या बनाबाईंचं. त्यासाठी आरिफने फिल्टरच्या पाण्याचा प्लॅस्टिकचा कॅन त्यांच्याकडे देऊन ठेवला होता.

दोन महिन्यांत पोवळं आकसलं. कडेने पांढरा सांगाडा दिसू लागला. आरिफने मीठ तपासलं, दिवे बदलले, त्याचं जेवणावरचं मन उडालं. एकदा नातीला घेऊन मी दवाखान्यात बसलो होतो. डॉक्टर सगळ्यांदेखत त्याला म्हणाले, "फ्रीजवाल्याच्या हाती जीव दिला, ही माझीच चूक."

तेवढ्यात बनाबाई पाणी भरायला आल्या. हातात तांब्याची कळशी.

"मावशी, कॅन कुठाय?" आरिफने विचारलं.

"सायबांनी फेकायला लावला की. प्लॅस्टिकचं पाणी मुक्या जिवाला नगं म्हणाले. रातभर त्यांनी आणल्याल्या ह्या कळशीत ठेवायचं आन् सकाळी वतायचं."

आरिफने कळशी त्यांच्या हातातून काढून घेतली. "डॉक्टर, पोवळ्याला तांबं म्हंजे इख हाय ओ. जरा जरी पाण्यात उतरलं तरी मरतंय त्ये."

एवढा शिकलासवरलेला माणूस! 'मला माहीत नव्हतं' हे तीन शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही. ते बनाबाईंवरच खेकसले, "तुला विचारून करता येत नाही? उद्यापासून येऊ नकोस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आरिफ पुढे झाला.

"कळशी कुणी आणली त्ये बी सांगा की ह्या लोकास्नी!"

आरिफने बाहीसकट हात टाकीत घातला, पोवळं उचललं आणि बादलीत ठेवलं.

"ती माझी वस्तू आहे!" डॉक्टर ओरडले.

"वस्तू मरत न्हाय, डॉक्टर."

घरी त्याने ते वेगळ्या टाकीत ठेवलं, दिवसातून तीनदा पाणी बदललं. सोळाव्या दिवशी ते गेलं. डॉक्टरांनी एकदाही चौकशी केली नाही. उलट फ्रीजवाल्याने पोवळं चोरलं म्हणून सांगत फिरतात. लाज वाटायला हवी.

बनाबाईंना मात्र चैन नाही. आपल्या हातांनी पाणी ओतलं, हे त्यांच्या मनातून जात नाही. नव्या कामावर जाताना रोज आरिफच्या पायरीशी थांबतात.

"जगलं का रं, बाबा?"

"जगलं की, मावशी. झकास खातंय."

त्या समाधानाने पुढे जातात. मग बराच वेळ आरिफला समोर पडलेला पाना सापडत नाही.