सपाट गावातला घाटाचा सराव

तुमच्या घरातली सायकल वर्षातले किती महिने कुलपात असते, आणि तिची किल्ली कुणाच्या जानव्याला बांधलेली असते?

प्रश्न उद्धट वाटला तर वाटू द्या. आम्हा कुंभकोणमच्या मराठी मंडळींचा एक सायकल संघ आहे. संघाच्या तीन सायकली आहेत. त्या माझ्या मामांच्या ओट्यावर साखळीने जखडलेल्या असतात आणि किल्ली मामांच्या जानव्याला असते. मामा संघाचे अध्यक्ष आहेत. सायकलीवर ते आयुष्यात कधी बसलेले नाहीत. तशी गरजही नाही, कारण त्यांचे खापरपणजोबा तंजावरच्या राजांच्या पागेवर होते, आणि स्वारीचं सगळं काम त्यांनी पुढच्या पिढ्यांसाठी एकदाच उरकून ठेवलं आहे.

गेल्या हंगामात आम्ही तीन शर्यतींत उतरलो आणि तिन्हींत शेवटचे आलो. याचं कारण आमचे पाय नव्हेत. कारण मानाचा क्रम. दरबारात ज्याचा पूर्वज पुढे बसायचा त्याची सायकल पुढे, हा संघाचा पहिला नियम. त्यामुळे सर्वांत पुढे मामांचा मुलगा, आमचा कप्तान. त्याच्यामागे एका शिरस्तेदारांचा नातू. शेवटी मी, कारण माझे पूर्वज दफ्तरात कारकून होते. राज्य बुडाल्याला शंभर वर्षं झाली, पण दारासुरमच्या वळणावर मी घंटी वाजवून घसा फोडत होतो, "अण्णा, बाजूला हो, मला जाऊ दे!" आणि कप्तान मागे न बघता म्हणत होता, "कारकून पुढे गेलेला कुठल्या बखरीत वाचलास रे?"

रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोक तमिळमध्ये ओरडत होते, "सरका, सरका, पालखी येतेय!"

तिसऱ्या शर्यतीत आम्हाला एका दूधवाल्याने मागे टाकलं. तो शर्यतीत नव्हता. मामांनी रात्री निकाल दिला, "शिस्तीत आपण पहिले."

हंगाम संपला, सायकली साखळीला गेल्या, आणि त्याच सुमारास माझ्या अक्काला जूनपासूनची नोकरी लागली. इन्नंबूरच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. आमच्या घरातली ती पहिली शिकलेली मुलगी, आणि पहिलीच नोकरी. इन्नंबूर स्वामीमलैच्या पलीकडे, भाताच्या खाचरांत. बस स्वामीमलैपर्यंत जाते, तीही भरेल तेव्हा सुटते. पुढे पायवाट. शाळेच्या व्यवस्थापकांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "अम्मा, घंटेआधी आलात तर ही जागा तुमची. उशीर झाला तर माझ्या मेव्हण्याची मुलगी तयार बसली आहे." आमचे अप्पा म्हणाले, "रोज उशीर होऊन रडत येण्यापेक्षा नकोच म्हणून कळव." अक्का मामांच्या ओट्यावर गेली आणि शाळेच्या दिवसांपुरती एक सायकल मागितली. नाहीतरी ती कुलपातच होती.

मामा म्हणाले, "संघाची वस्तू आहे, पोरी. सभासदालाच मिळते."

"मग मला सभासद करा."

"तुझा मान कितवा लावायचा?" मामांनी खरंच चिंतेने विचारलं. "बायकांना दरबारात जागा नव्हती."

मी पत्रकं वाचून वाढलेला माणूस. लगेच एक पत्रक लिहिलं. मथळा होता: 'कुलूप काढा, वेळ झाली!' गावातल्या छापखान्यात नागरी टाइप फक्त संस्कृत पोथ्यांपुरते होते आणि त्यांत 'ळ' नव्हता. जुळारी म्हणाला, "त्याच्यासारखाच दुसरा लावतो." पत्रक निघालं ते 'कुलूप काढा, वेल झाली'. महामहम तळ्याच्या चारही बाजूंना मी ते वाटलं. दुसऱ्या दिवशी मामांनी मला बोलावून विचारलं, "कसली वेल? दोडक्याची का?" आणि माझ्या देखत त्या कागदाने सायकलीच्या साखळीचं तेल पुसलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर पुण्याहून रामेश्वरला निघालेला एक तरुण मामांकडे उतरला. तो स्वतः सायकलपटू. आम्ही मराठी बोलतो हे ऐकून तो हरखला आणि पुढे दोन दिवस हसू दाबत राहिला. "तुमचं बोलणं ऐकलं की समोर बखर उघडल्यासारखं वाटतं," असं तो म्हणाला. मामांनी ती स्तुती समजून त्याला आणखी एक कापी, म्हणजे आमच्याकडची कॉफी, दिली. जाताना त्याने संघाला पुण्याकडच्या शर्यतीचं आमंत्रण दिलं आणि एक सूचना केली, "मात्र घाटाचा सराव करून या हं. आमच्याकडे घाटातच भल्याभल्यांचा दम निघतो."

मामा मिशीतून हसले. "घाट? आमचा जन्म घाटावर गेला."

आता हे समजून घ्या. आमच्या घरांत घाट म्हणजे कावेरीच्या पायऱ्या. धुणं घाटावर, अंघोळ घाटावर, तर्पण घाटावर. दुसरा कुठला घाट असतो हे सांगायला आमच्याकडे डोंगरच नाही. कुंभकोणमपासून क्षितिजापर्यंत जमीन ताटासारखी आहे. आमच्यातल्या कुणीही डोंगर पाहिलेला नव्हता. म्हणून पुण्याचे लोक सायकली खांद्यावर घेऊन नदीच्या पायऱ्या चढतात हे ऐकून कुणालाच नवल वाटलं नाही. मला तर पुण्याच्या लोकांबद्दल थोडा आदरच वाटला.

सराव सुरू झाला. सकाळी कप्तान, शिरस्तेदारांचा नातू आणि मी, अर्थात मानाच्या क्रमाने, सायकली खांद्यावर टाकून पायऱ्या उतरायचो आणि चढायचो. मामा वरच्या पायरीवर छत्री धरून बसायचे आणि "पाठ ताठ!" म्हणायचे. धुणं धुणाऱ्या बायकांची रोजची करमणूक झाली. एक म्हातारी दगडावर लुगडं आपटता आपटता ओरडली, "काय रे, सायकलीला अंघोळ घालायला आणलीत की तिचं तर्पण करायला?"

कप्तान तिला तमिळमध्ये आजीला म्हणतात तसं म्हणाला, "पाटी, हा सराव आहे."

"कशाचा? ओझी वाहण्याचा? मग माझं हे गाठोडं पण ने की वर!"

आणि त्याने नेलं. नाही कसं म्हणणार? पुढच्या आठवड्यापासून आमच्या सायकलींच्या कॅरिअरवर अर्ध्या गल्लीचं ओलं धुणं वर जाऊ लागलं. मामा म्हणाले, वजनाने सराव पक्का होतो.

या सरावाचा एकच फायदा झाला, आणि तो मामांच्या ध्यानात आला नाही. कुलपातल्या सायकली रोज नदीवर येऊ लागल्या, आणि नदीवर बायका असतात. उन्हाळ्यात कावेरीला पाणी नव्हतं, धुण्या-अंघोळीपुरते झरे तेवढे पायऱ्यांशी खणलेले. पात्राच्या कडेला गाड्यांच्या ये-जा करण्याने वाळू घट्ट झालेली होती. दोन फेऱ्या झाल्या की कप्तान आणि नातू मामांबरोबर कापी प्यायला जायचे आणि सायकली राखायला मला ठेवायचे, कारण कारकून. अक्का धुण्याची बादली ठेवायची, लुगड्याचा कासोटा घट्ट करायची आणि मी मागून सीट धरायचो. ती पडली की बायका एकदम "अय्यो!" करायच्या, उठली की टाळ्या वाजवायच्या. तिचे गुडघे सोलले. घरी तिने सांगितलं की घाटावर शेवाळ फार आहे. अप्पांनी नदीला पाणी नाही हे लक्षात घेतलं नाही.

एका सकाळी पुण्याचा पाहुणा रामेश्वरहून परत आला आणि अंघोळीला घाटावर उतरला. समोरून कप्तान, खांद्यावर सायकल, कॅरिअरवर कुणाचंतरी ओलं जाजम.

"हे काय चाललंय?"

"घाटाचा सराव," कप्तान धापा टाकत म्हणाला.

"कुठला घाट?"

"हा काय."

पाहुणा पायरीवर बसला. पोट धरून हसू लागला. मग डोळे पुसत म्हणाला, "अहो, घाट म्हणजे डोंगरातला रस्ता! वळणावळणाचा, चढाचा. त्यावरून सायकल चालवायची असते, वाहायची नसते!"

मामा छत्री मिटून खाली आले. "डोंगरातल्या रस्त्याला घाट म्हणता?"

"हो."

"मग नदीच्या पायऱ्यांना काय म्हणता?"

"त्यांनाही घाटच."

"एका शब्दाला दोन कामं लावता आणि वर आम्हाला हसता?" मामांनी विजयाने आमच्याकडे पाहिलं. "आमची भाषा शुद्ध राहिली ती अशी."

पाहुणा शरमला. तो भला माणूस. त्याने विचारलं, इथे जवळपास डोंगर नाही का? मामा क्षणभरही थांबले नाहीत. "आहे ना. स्वामीमलै. मलै म्हणजे डोंगर. उद्यापासून आमच्या सायकली रोज डोंगराला जातील. पुण्यात सांगा." पाहुणा ते ऐकून समाधानाने गाडीत बसला.

स्वामीमलै तुम्ही पाहिलंच असेल. देव खरा आहे, डोंगर मात्र माणसांनी दगड रचून केलेला आहे. साठ पायऱ्या. पायथ्यापर्यंतचा रस्ता आमच्या अंगणाइतका सपाट. आम्ही तिघे गेलो, सायकली खाली ठेवल्या, पायऱ्या चढलो, देवळात पोंगल खाल्ला आणि आलो. दुसऱ्या दिवशी कप्तानाचा गुडघा दुखला. तिसऱ्या दिवशी नातवाच्या घरी श्राद्ध होतं. घाटावरच्या ओझ्याने खिळखिळी झालेली माझी सायकल त्याच दिवशी मोडून दुरुस्तीला गेली. डोंगराचा सराव संपला.

जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी अक्का मामांच्या ओट्यापुढे उभी राहिली. कासोटा घातलेला, डबा बांधलेला.

"मामा, आज मलैला कोण जातंय?"

"कुणी नाही. गुडघा."

"पण तुम्ही पाहुण्यांना सांगितलंत, सायकली रोज डोंगराला जातील म्हणून. गावभर झालंय ते."

"सांगितलं."

"मग सायकल जायला हवी. तिच्यावर माणूस कोण, हे काही तुम्ही सांगितलं नव्हतं."

मामांनी पानाचा डबा उघडला, मिटला. "बायकांनी सायकलीवर बसायचं?"

"आपल्या बायका कासोटा घालून घोड्यावर बसत, हे दर दसऱ्याला कोण सांगतं?"

"त्या राजघराण्यातल्या होत्या."

"त्यांना घंटा गाठायची नव्हती, मामा. मला उशीर होतोय."

मी भाषणाला तोंड उघडलं होतं. अक्काने माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं. मामांनी कप्तानाच्या सायकलीची साखळी सोडली आणि म्हणाले, "सरावच समजायचा. स्वामीमलैला थांबून नमस्कार करायचा."

"करीन," ती म्हणाली, आणि दारासुरमच्या रस्त्याला लागलीसुद्धा.

तेव्हापासून तिला एकदाही उशीर झालेला नाही. वाटेवरच्या तिरुवलंचुळीचे गुराखी तिला दुरून ओळखतात. मामा गावात सांगतात, "आमचा डोंगराचा सराव अखंड चालू आहे," आणि ते खोटं नाही.

पण आता दसरा झाला, शर्यती पुन्हा सुरू होणार. मामांनी सभा बोलावली आहे. ठराव असा: सरावाचा काळ संपला, सबब बिगरसभासदाकडची सायकल संघाकडे परत घ्यावी. अक्काने सभासद होण्यासाठी पुन्हा अर्ज दिला आहे. तिचं म्हणणं एवढंच, शर्यती रविवारी असतात आणि शाळा रविवारी नसते. कप्तान म्हणतो, हिला क्रमात बसवायचं कुठे? ती म्हणते, सगळ्यांच्या मागे बसवा, मला कुणाच्या पुढे जायचं नाही, इन्नंबूरला जायचंय. सायकल गेली तर सोमवारी ती पायवाटेवर असेल आणि तिच्या वर्गात व्यवस्थापकांच्या मेव्हण्याची मुलगी.

माझी पत्रकं तुम्ही कशाला वापरता ते मला माहीत आहे. म्हणून यावेळी पत्रक काढत नाही, हे हाताने लिहून घरोघर फिरवतो आहे. संघाचा नियम आहे, मताला मराठी घरटी एक हात. हात पुरुषाचा हवा असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. मी तीनदा वाचलाय. रविवारी सकाळी मामांच्या ओट्यासमोर या. घरातला कर्ता आळस करत असेल तर त्याला झोपू द्या आणि त्याच्या घरचा हात तुम्ही घेऊन या, काकू, वहिनी, ज्या कुणी हे वाचत असाल त्या. अक्काच्या अर्जावर मत मागितलं की तो वर करा, आणि मामा मोजायला कितीही वेळ लावोत, खाली घेऊ नका.