नरसम्माच्या विड्या

बाळांनो, मी चुकले की बरोबर वागले, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. फोनवर सांगायला घेतलं की तुमच्यापैकी कुणाला तरी कामावर जायचं असतं, म्हणून लिहून ठेवते.

तुमचे आजोबा फुफ्फुसाच्या आजारानं गेले. त्यांच्या विड्यांवरून आमची किती भांडणं झाली, ते तुमच्या आईनं सांगितलं असेलच. ते गेल्यापासून माझी प्रार्थना कोरडी पडली होती. शब्द ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमानं येत, पण पलीकडे कुणी ऐकतंय असं वाटत नसे. शेवटी मी प्रभूला एवढंच म्हणाले, मला बोलता येत नाही, निदान हातांना काही काम दे.

त्याच आठवड्यात चर्चच्या महिला मंडळानं मला नरसम्माच्या भेटीला पाठवलं. ती चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते आणि घरी विड्या वळते. पडून तिचा उजवा हात मोडला होता. मी जुळे सोलापुरातून रिक्षानं विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत गेले, स्तोत्र वाचलं, प्रार्थना केली. तिनं आमेन म्हटलं आणि माझ्या हातांकडे पाहिलं.

"बाई, प्रार्थना लई छान केली की. आता जरा पानं कापता का?"

मला ती थट्टा वाटली. पण तिचे डोळे भरून आले होते. शनिवारपर्यंत कारखान्यात माल पोचला नाही, तर तिचं विडी कामगाराचं कार्ड रद्द होणार होतं, आणि पेन्शनला थोडेच महिने उरले होते. मुलगा-सून पुण्यात. शेजारणींचा आपापलाच माल पुरा होत नव्हता.

"दुसरं काहीही सांग," मी म्हणाले. "स्वयंपाक करते, कपडे धुते."

"कपडे मळले तरी चालतंय की, बाई. कार्ड गेलं तर न्हाय चालत."

मी घरी आले. चर्चच्या पाळकसाहेबांना विचारावं असं दोनदा वाटलं, पण ते 'करा' म्हणाले असते तरी भीती होती आणि 'नको' म्हणाले असते तरी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या दारात उभी होते. त्याला प्रभूचं आज्ञापालन म्हणावं की माझा दुबळेपणा, मला माहीत नाही.

चार दिवस मी भिजवलेल्या पानांवर पत्र्याचं माप ठेवून ती कात्रीनं कापली, तंबाखू भरून वळली. नरसम्मा प्लास्टरबाहेरच्या बोटांनी दोरा बांधायची. त्या वासानं आजोबांचा सदरा आठवायचा. एकदा मी रडले, तेव्हा ती म्हणाली, "तंबाकू गेला का डोळ्यात?" मी हो म्हटलं.

शनिवारी माल घेऊन मीच रांगेत उभी राहिले. तपासणाऱ्यानं सुपातल्या मूठभर विड्या उचलल्या. "आजी, ह्या विड्या हायत का भेंड्या? न्या परत."

मी सूप उचलून मागे वळले. एवढ्यात मागची बुरख्यातली बाई पुढे झाली. "क्या जी भाई, बुड्ढी अम्मा के हाताँ तो देखो. ठैरो जरा." तिनं माझं सूप ओढून घेतलं, पायरीवर बसली आणि सैल विड्या सोडून भराभर पुन्हा वळू लागली. ज्या सुधारण्यासारख्या नव्हत्या, त्यांच्या जागी तिनं स्वतःच्या सुपातल्या घातल्या. नरसम्माच्या कार्डावर नोंद झाली. पण तोवर त्या बाईची रांगेतली जागा गेली होती आणि तिचा माल कमी भरणार होता. मी नाव विचारलं.

"नाम से क्या करते, अम्मा? धूप में मत ठैरो, घर जाव."

कालपासून मन गोंधळलेलंच आहे. त्या विड्या कुणीतरी ओढेल. कुणाच्या तरी घरी एखादी बायको माझ्यासारखीच रोजचा खोकला ऐकत असेल. आणि तरी त्या पायरीपाशी, आजोबा गेल्यानंतर पहिल्यांदाच, प्रभू अगदी जवळ आहे असं मला वाटलं. सेवा करायला मी गेले होते, आणि एका अनोळखी, वेगळ्या धर्माच्या बाईनं माझीच सेवा केली.

आज रविवारी प्रभुभोजन होतं. लिंबानं घासूनही बोटं पिवळीच राहिली होती. ओंजळ पुढे करताना मी अडखळले. पाळकसाहेबांनी काही न विचारता भाकर ठेवली. मी क्षमा मागितली आणि आभारही मानले. कोणतं कशासाठी, ते वेगळं करत बसले नाही. जन्मभर सगळं जिथल्या तिथे लावत आले, हे मात्र तसंच गुंतलेलं त्याच्या स्वाधीन केलं. उद्या सोमवार आहे, आणि नरसम्माचं प्लास्टर अजून निघालेलं नाही.