तिवरांची बातमी

संयुक्त महाराष्ट्राचा लढा ऐन भरात होता. आमच्या दैनिकातले जाणते बातमीदार सभा, मोर्चे आणि लाठीमार आपसात वाटून घेत. मी नवखा, म्हणून माझ्या वाट्याला वॉर्ड ऑफिस आलं. मी गटारं, नळ आणि मोकाट गुरं यांवर लिही आणि स्वतःला लढ्याची मागची फळी समजे.

एकदा शीवजवळ खाडीच्या कडेची तिवरं मी रस्त्यावरून पाहिली. नाकाला रुमाल लावला होता. चिखलात उतरलो नाही. कचेरीत येऊन बातमी लिहिली : 'डासांचे माहेरघर, पालिका झोपली काय?' तिवरांचा उल्लेख 'रानटी झुडपे' असा केला, कारण झाडाचं नाव मला ठाऊक नव्हतं.

पालिका झोपलेली नव्हती. आठवड्याभरात कोयते घेऊन माणसं उतरली आणि निम्मा पट्टा साफ झाला. 'आमच्या वृत्ताची दखल' ही चौकट मीच लिहिली. कात्रण घेऊन परळच्या नातेवाइकांकडेही जाऊन आलो.

दादरला आमच्या चाळीत शीव कोळीवाड्याची एक मासळीवाली येई. नवरा वारलेला, घरी होडी नाही. तिवरांच्या मुळांतल्या चिंबोऱ्या हातानं धरून विकायच्या, यावर तिचं घर चाले. त्या दिवशी पाटीत चारच चिंबोऱ्या होत्या.

"इतक्याच गं?" आईनं विचारलं.

"झाडं तोडली ना, बाय. कुन्या शान्यानं पेपरात लिवलं, डास होतात. सोमवारी उरलेली तोडनार. मग मी पन बसते घरी, डास मारत."

आईनं कात्रण मजलाभर दाखवलं होतं. तिनं माझ्याकडे बोट केलं. "हाच तो शहाणा."

मासळीवालीनं मला नीट न्याहाळलं. "तू व्हय रे? मग तूच सांग त्यांना, ऱ्हाऊ दे म्हनून."

शनिवारी वॉर्ड ऑफिस उघडताच ओव्हरसियरसमोर उभा राहिलो आणि उरलेली तिवरं राहू द्या म्हणालो. त्यांनी कामांचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "तोडणे, लावणे, फवारणे. राहू देणे कुठल्या खान्यात घालू?"

"माझं चुकलं असं छापतो."

"छापा. मग साहेब विचारणार, निम्मी का तोडली? तोडली तरी मी मेलो, ठेवली तरी मीच."

बराच वेळ ते टाक चावत बसले. मग सोमवारच्या कामापुढे त्यांनी लिहिलं : 'प्रलंबित'.

"एक अट," ते म्हणाले. "हे काम का रेंगाळलं, असं तुमचा पेपर विचारणार नाही."

खुलासा मी लिहिला. मोर्चाची बातमी वाढली म्हणून तो रात्रपाळीनं काढून टाकला, आणि मला हायसं वाटलं हे लपवण्यात अर्थ नाही. पुढे प्रलंबित कामांची यादी दर महिन्याला माझ्याकडे येई. ती छापून पालिकेला धारेवर धरायचं, हे माझं नेमाचं काम. खाडीची ओळ मी दर वेळी गाळली.

उरलेल्या पट्ट्यावर मासळीवालीची पाटी निम्मीच भरे, पण ती येत राहिली. मी दारात दिसलो की विचारी, "काय रे, आमच्या खाडीवर काय लिवलंस?"

"काही नाही."

"बरं केलंस," ती म्हणे आणि आईला चिंबोरीचा भाव सांगे.