थ्रेशरच्या चूटची लांबी

भुताखेतांच्या गोष्टी कोणी सुरू केल्या की मी चहा संपवून उठणारा माणूस. वेल्डिंगचा धंदा आहे माझा. ज्याला टेप लावता येतो ते खरं, बाकी सगळा टाइमपास, असं मी बायकोला अजूनही सुनावतो... फक्त आता आवाज जरा खाली असतो. कारण मागच्या हंगामात जे झालं ते मी स्वतः टेप लावून मोजलं आहे, आणि तरी मला ते कळलेलं नाही.

भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीत रस्त्याला लागून माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. धान चुरायचे, म्हणजे मळणीचे, थ्रेशर बनवतो, दुरुस्त करतो. मागच्या पावसाळ्यात काम कमी होतं. माझी पुतणी मेघा नागपूरला डिप्लोमा करते, तिने माझ्या जुन्या लॅपटॉपवर मशिनीची मापाची चित्रं काढायचं एक ओपन सोर्स कॅड सॉफ्टवेअर टाकून दिलं. "काका, पत्र्यावर खडूनं किती दिवस रेघा माराल? फुकट आहे, शिका." चव्वेचाळिसाव्या वर्षी! पहिले पंधरा दिवस मी त्या माउसला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत.

मेघा फोनवर शिकवायची. "काका, आकडा चित्रात ठोकू नका. स्प्रेडशीटमध्ये एका जागी लिहा अन् सगळीकडे तोच वापरा." याला पॅरामेट्रिक मॉडेलिंग म्हणतात. स्केचला सगळी मापं नीट बांधून दिली की रेषा हिरव्या होतात; मग एक आकडा बदला, पत्रा लांबतो, बोल्टची भोकं आपोआप सरकतात. पहिल्यांदा जमलं तेव्हा बायकोला स्वयंपाकघरातून ओढत आणून दाखवलं. "छान. भाजी करपली तिकडे," म्हणाली.

आता मुद्द्याचं. थ्रेशरला पेंढ्या आत ढकलायला पत्र्याचं लांबट तोंड असतं, त्याला आम्ही चूट म्हणतो. आतल्या टोकाला ड्रम फिरतो, ड्रमवर लोखंडी दाते. चूट लांब असेल तर हात दात्यांपर्यंत पोचत नाही. पण आमच्याकडे गिऱ्हाईक आखूडच मागतं, कारण पेंढी झटकन आत जाते. नव्या मशिनीची चूटसुद्धा लोक माझ्याकडून कापून नेत. या भागात हात गेलेली माणसं आहेत, ते कसे गेले तेही सगळ्यांना माहीत आहे. तरी मी कापून द्यायचो. मी नाही दिली तर दुसरा देईल, हे माझं उत्तर ठरलेलं.

दिवाळीच्या आधी दिवाकरभाऊंची ऑर्डर आली. त्यांचं शेत जवळच्याच गावात, तलावाच्या पाळीखाली, बांधाला लागून. "मिस्त्री, चूट अर्ध्या मीटरचीच ठेवा जी. आमची मंडळीच पेंढ्या टाकते, तिले लय आत ढकलाले तरास होते." मंडळी म्हणजे सुमनवहिनी, त्यांची बायको. मी स्प्रेडशीटमध्ये चूटची लांबी लिहिली, ५०० मिलिमीटर. सेव्ह केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाईल उघडली... ७२०.

वाटलं, आपलीच चूक. ५०० केलं. पुढच्या सकाळी पुन्हा ७२०. मेघाला फाईल पाठवली. तिच्या लॅपटॉपवर ५००! "काका, चष्म्याचा नंबर वाढला," म्हणून हसली पोरगी. मी म्हटलं थांब. जुनी फाईल उडवली, कोऱ्या पानावर सगळं नव्याने काढलं, दुसरं नाव दिलं, ५०० लिहिलं, बायकोला साक्षीला बसवलं आणि स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढला. सकाळी फोटोत ५००, स्क्रीनवर ७२०. बायको देवाजवळ जाऊन बसली. मला तिचाच राग आला.

चौथ्यांदा झालं ते तर भर अकरा वाजता, दुकानात उजेड असताना. मी ५०० लिहून एंटर मारला आणि हात मांडीवर ठेवून बघत बसलो. दोन मिनिटं काही नाही. मग चूट लांबायला लागली... हळूहळू. भोकं सरकत होती, रेषा सगळ्या हिरव्या, चूक दाखवणारा एक संदेश नाही. माउस माझ्यापासून हातभर दूर होता. ७२० वर येऊन थांबली. खोटं कशाला सांगू, मी लॅपटॉप धाडकन बंद केला आणि बाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो.

पत्रा भंडाऱ्याला लेझरवर कापून आणायचा होता. ५०० लिहून लगेच पेनड्राइव्हमध्ये घेतलेली फाईल नेली. तिथल्या माणसाच्या स्क्रीनवर दोघांनी मिळून ५०० वाचलं. गठ्ठा दुकानात आणून सोडला, टेप लावला. सातशे वीस! फोन केला तर तो माणूस उलट माझ्यावरच भडकला, "तुमच्या फाईलमदी हाय तेच कापलं ना भाऊ."

जास्तीचा पत्रा उडवणं दहा मिनिटांचं काम. ग्राइंडर चालूही केला. पण त्या पत्र्याला टेकवेना माझ्याच्यानं. शेवटी आहे तशीच चूट जोडून मशीन दिली.

दिवाकरभाऊंनी बघताच तोंड सोडलं. "कायले येवढी लांब सोंड लावून देली? मले काय हत्ती पायजे होता?" मी हात जोडले. "भाऊ, आठ दिवस चालवून बघा. नाही जमलं तर मी येतो अन् फुकट कापून देतो." ते बडबडत गेले.

पाचव्या दिवशी दुपारी फोन आला. दिवाकरभाऊच, पण आवाज ओळखू येईना. "मिस्त्री... या जी. लवकर या."

गाडी कशी चालवली आठवत नाही. खळ्यावर मशीन बंद होती. सुमनवहिनी बारदान्यावर बसलेल्या, भोवती बाया. पेंढी बांधायचा बंद त्यांच्या बांगड्यांत अडकला आणि पेंढीबरोबर हात खेचला गेला, पार खांद्यापर्यंत. खांदा चुटीच्या तोंडाला अडला. मशीन ज्यावर फिरते तो ट्रॅक्टर दिवाकरभाऊंनी थांबवला तोवर पेंढीचा बंद तुटला होता. हात सोललेला, बांगड्या फुटलेल्या, बंदाच्या ओढीनं मधल्या बोटाचं नख अर्धं उडालेलं. पण हात होता. पाचही बोटं होती.

"दात्याचा वारा लागून रायला होता बोटाले," वहिनी म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे रडायला लागल्या. दिवाकरभाऊ माझा हात सोडेनात.

मी त्यांना विचारून टेप लावला. खांद्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एकाहत्तर सेंटिमीटर. चूट बहात्तर. त्या बाईचं माप मी आयुष्यात कधी घेतलं नव्हतं.

त्यानंतर तीच फाईल मी वीसेक वेळा उघडली असेल. ५०० लिहिलं की ५०० च राहतं. मेघाने कसून तपासली, तिला काही सापडलं नाही. चष्म्याचा विनोद ती आता करत नाही. मलाही काही सांगता येत नाही, आणि कोणी सांगायला लागलं तर ऐकवतही नाही.

माझ्या हातच्या आखूड चुटीच्या जेवढ्या मशिनी आठवल्या, तिथे जाऊन मी लांब चूट बसवून आलो. पवनीकडच्या एकाने हाकलून लावलं, तिथे दुसऱ्यांदा गेलो. एक मात्र सापडत नाही. मालकाने ती बाजारात विकली, घेणाऱ्याने ट्रॉलीत घालून नेली, गाव कोणालाच माहीत नाही. मला कोणी तिचा आकडा बदलून दिला नव्हता, ती मी स्वतः कापलेली आहे.

यंदाचं धान कापायला आलं आहे. निळ्या रंगाचा थ्रेशर, चूट आखूड, डाव्या बाजूला वेल्डिंगचा ओबडधोबड जोड... वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या शेतात असेल तर कृपा करून मशीन सुरू करू नका. मला कळवा. मी पत्रा घेऊन येतो.